ओली कमान

“पाय वर घ्या! सगळ्यांनी पाय वर घ्या! खाली पाणी आहे!” भोंगा ओरडली.

“अगं, पाणीच आहे, मगर नाही,” पेन्सिल म्हणाला. “आणि सगळ्यांनी पाय वर घेतले तर पुस्तकं कोण उचलणार?”

वाचनालयाच्या मागच्या खोलीत सकाळी सकाळी नुसती धांदल उडाली होती. ही पुस्तकबांधणीची खोली. पानं सुटलेली, कणा मोडलेली, कोपरे कुरतडलेली पुस्तकं इथे यायची आणि आत्या त्यांना शिवून, खळ लावून, नवा पुठ्ठा चढवून धडधाकट करून परत पाठवायची. आज तिने कुलूप काढलं, तर भिंतीवरून पाण्याचे ओघळ थेट खालच्या फळीवर उतरलेले! आत्या फळीवरून पुस्तक उचलून पेन्सिलकडे देत होती, पेन्सिल भोंगाकडे, भोंगा काकाकडे आणि काका ते टेबलावर उभं करून ठेवत होती.

पेन्सिल हा आत्याचा तेरा वर्षांचा मुलगा. उंची भरपूर, जाडी शून्य, म्हणून पेन्सिल. भोंगा शेजारची, दहा वर्षांची. तिने कुणाच्या कानात सांगितलेलं गुपित गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं, तेव्हा तिला दुसरं नाव पडणं शक्यच नव्हतं.

आणि काका? काका म्हणजे कुणाचे काका नव्हेत! ती आत्याची बारा वर्षांची भाची. बोलायला लागल्यापासून तिच्या तोंडी एकच शब्द. आकाश निळं का? कांदा चिरला की डोळ्यांत पाणी का? ताट पडलं की वाजतं, मग उशी पडली की का नाही? दिवसभर आपलं ‘का? का?’ शेवटी वैतागून घरच्यांनी तिचं नावच काका ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

पण सहा महिन्यांपूर्वी काकाचे बाबा गेले. तेव्हापासून तिने एकदाही ‘का’ विचारलं नव्हतं. ती रडलीही नव्हती. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. दात काढण्याआधी सुई टोचल्यावर गाल बधिर होतो, तशी ती आतून बधिर झाली होती. आईला नोकरीतून रजा मिळेना, म्हणून सुट्टीत तिला आत्याकडे पाठवलं होतं. इथे येऊन आठवडा झाला होता. काकाला त्याचं बरंही वाटत नव्हतं आणि वाईटही.

“आई, हे बघ!” पेन्सिल भिंतीसमोर उभा राहिला. “पाणी सगळीकडे नाहीये. वर गोल, खाली सरळ. अगदी कमानीसारखं! पण कमानीसारखंच...”

तो मध्येच थांबला आणि काकाकडे बघत राहिला. आत्याचा हातही थांबला. दोघं वाट बघत होती. पूर्वीची काका असती तर एव्हाना तिने सात प्रश्न विचारले असते.

काकाने भिंतीकडे पाहिलं. कमान होती खरी. तिने पुढचं पुस्तक घ्यायला हात पुढे केला.

“तिथे पूर्वी खिडकी होती म्हणे,” शेवटी आत्याच म्हणाली. “मागच्या गल्लीत दुकानं झाली तेव्हा विटा लावून बुजवली. चला, हात चालवा.”

तेवढ्यात ग्रंथपाल आले. त्यांच्यामागून हातात छिन्नी घेऊन प्लंबर आला. या भिंतीत त्याने आधीच दोन भोकं पाडली होती. दोन्ही भोकांतले पाईप कोरडे ठणठणीत निघाले होते.

“मी सांगतो साहेब, पाईपच फुटलाय,” प्लंबर म्हणाला. “तिसरीकडे खोदू. सापडेलच!”

“आता पुरे!” ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला. रागावले की ते चष्मा पुसायचे. “बाई, पाईप कोरडे, छत कोरडं, बाजूची खोली कोरडी. फक्त तुमच्याच खोलीत पाणी! तुमची ती खळ, बादल्या, ओली फडकी... काहीतरी हलगर्जी होतेय.”

“साहेब, एकोणीस वर्षं मी इथे पुस्तकं बांधते. कधी एका पानाला डाग पडू दिला नाही.”

“ते मला माहीत आहे. पण गेल्या तीन आठवड्यांत चाळीस पुस्तकं भिजली. शनिवारी समिती येतेय. तोवर पाणी थांबलं नाही, तर ही खोली बंद करायची असं ठरलंय. पुस्तकं बाहेर बांधायला जातील.”

“आणि मी?” आत्याने विचारलं.

ग्रंथपालांनी पुन्हा चष्मा पुसला आणि ते दाराकडे वळले.

ते गेल्यावर आत्याने दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. “वारं लागू दे जरा. रात्रीसुद्धा उघड्याच ठेवते मी, गज आहेत ना. तरी मेली भिंत वाळत कशी नाही!”

ती पाठमोरी उभी होती. तिचे खांदे थोडे हलत होते. आत्या रडतेय, हे काकाला कळलं. आपल्यालाही काहीतरी वाटायला हवं, हेही कळलं. पण वाटलं काहीच नाही. तिने फडकं घेतलं आणि फरशी पुसायला लागली.

“आज गुरुवार,” पेन्सिल हळूच म्हणाला. “आपल्याकडे दोन दिवस आहेत.”

“आपण शोधून काढू!” भोंगाही हळूच म्हणाली. पुढच्या दालनात पेपर वाचत बसलेल्या आजोबांनी दचकून वर पाहिलं.

दुपारी घरी आत्याने तिघांना लाल सरबत करून दिलं. भरपूर बर्फ घातला होता. भोंगाने दोन घोट घेतले आणि पेला वर उचलून खालून बघायला लागली.

“माझा पेला गळतोय!”

“काच कशी गळेल?” पेन्सिल म्हणाला.

“मग हे पाणी कुठून आलं? बघ, बाहेरून सगळा ओला! सरबतच गळतंय!” आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने पेला बाहेरून चाटला. तिचा चेहरा बदलला. “अरेच्चा! गोड नाहीये! साधं पाणी आहे!”

“शी! काय करतेस?”

“तूही चाट! लालसुद्धा नाहीये बघ. आत लाल, बाहेर पांढरं! त्या मागच्या गल्लीतल्या आइस्क्रीमसारखं नाही. ते हल्ली आत-बाहेर सगळं पाणी पाणीच असतं!”

काकाचा पेला तिच्यासमोर तसाच होता. तिने त्याच्यावर बोट ठेवलं. बोट ओलं झालं. आणि तिला बस आठवली.

बाबा बस चालवायचे. सुट्टीच्या दिवशी कधीकधी तिला पहिल्या फेरीला घेऊन जायचे. गारठ्याच्या सकाळी माणसांनी बस भरली की समोरची काच धूसर व्हायची. “बाबा, काच धूसर का झाली?” ती विचारायची. बाबांनी एकदाही सरळ उत्तर दिलं नाही. ते म्हणायचे, “आधी सांग, कुठल्या बाजूने?” मग ती उठून काचेवर बोट फिरवायची. धुकं बाहेर आहे असं वाटायचं, पण बोटाची रेघ उमटायची ती आतल्या बाजूला.

हे सगळं आठवलं, पण आत काही दुखलं नाही. कुणा दुसऱ्याचीच गोष्ट असावी तसं ते आठवलं.

“कुठल्या बाजूने?” काका म्हणाली.

दोघांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

“भिंतीचं पाणी,” काका म्हणाली. “आतून बाहेर येतंय, की बाहेरून बसतंय? सगळे म्हणतात, गळतंय. पण पेलाही गळतोय असंच वाटलं.”

पेन्सिल ताडकन उठला. “हवेतली वाफ! गार वस्तूला लागली की तिचं पाणी होतं! सांद्रीभवन! पाच मार्कांचा प्रश्न होता परीक्षेत!”

“तुला किती मिळाले?” भोंगाने विचारलं.

“दोन. पण त्याचा इथे काय संबंध?”

संध्याकाळी वाचनालय बंद व्हायच्या वेळी तिघं बांधणीच्या खोलीत हजर झाली. काकाने काय करायचं ते चार वाक्यांत सांगितलं. पेन्सिलने कमानीची जागा कोरड्या फडक्याने खसाखसा पुसली. आत्याकडे पुस्तकांना घालायचं पारदर्शक प्लास्टिक होतं. त्याचा मोठा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या.

“पाणी भिंतीतून येत असेल तर प्लास्टिकच्या मागे साचेल,” काका म्हणाली. “हवेतून येत असेल तर पुढे.”

चिकटपट्टी दाबताना तिचा तळहात प्लास्टिकबाहेरच्या भिंतीला टेकला. तिने तो तसाच ठेवला. मग चार पावलं बाजूला जाऊन तिथल्या भिंतीला हात लावला, आणि परत कमानीपाशी आली.

“आत्या, ही भिंत गार आहे. बर्फासारखी. ती तिकडची नाही.”

आत्याने हात लावून पाहिला आणि कपाळावर मारून घेतला. तीन आठवडे सगळ्यांनी ही भिंत फडक्याने पुसली होती, छिन्नीने फोडली होती, लांबून निरखली होती. तिला नुसता तळहात कुणी लावला नव्हता!

शुक्रवारी सकाळी आत्याने कुलूप काढलं आणि तिघंही आत घुसली. प्लास्टिकच्या पुढच्या बाजूला टपोरे थेंब होते. पेन्सिलने एक कड सोडवून मागे बोट घातलं.

“कोरडं! पार कोरडं!”

“कोरडंऽऽ!” भोंगाने घोषणा केली. ती ऐकूनच प्लंबर धावत आला. त्याने प्लास्टिक पाहिलं, थेंब पाहिले आणि हसत सुटला.

“वा रे वा! पिचकारीने पाणी मारलंत आणि आता मला शिकवताय? साहेबांना सांगू का?”

“आम्ही नाही मारलं!” पेन्सिल लाल झाला. “काका, तू सांग ना!”

“मी काय सांगू?” प्लंबर म्हणाला.

“तुम्ही नाही हो! ही काका!”

“ही? काका?” प्लंबर बघतच राहिला. “बरं बाई, काका तर काका. पण भिंत काय उगाच गार पडते होय?”

तो हसत निघून गेला. काका मात्र त्याच्या शेवटच्या वाक्यापाशी अडकली होती. भिंत उगाच गार पडत नाही. पेल्यात बर्फ होता.

“या भिंतीपलीकडे काय आहे?” तिने विचारलं.

पेन्सिल आणि भोंगा एकमेकांकडे बघून एकदम ओरडले, “आइस्क्रीमवाला!”

बेत पेन्सिलने आखला. बरोबर तीन वाजता आत्याने कमानीवर लाकडी हातोडीने तीन ठोके मारायचे. तेव्हा काका आणि पेन्सिल पलीकडे असणार. आणि मालकाला बोलण्यात गुंतवायचं काम कुणाचं, हे विचारायची गरजच नव्हती.

“मला सगळ्या चवींची नावं वाचून दाखवा!” तीनला दहा कमी असताना भोंगा दुकानात गरजली. “माझा चष्मा घरी राहिलाय!” तिला चष्मा कधीच नव्हता. “आणि प्रत्येक चव कशाची बनते तेही सांगा! आणि आइस्क्रीम हल्ली इतकं पातळ का असतं तेही सांगा!”

“हळू बोल गं बाई! गिऱ्हाइकं ऐकतायत!” मालक घाईघाईने तिच्याकडे वळले.

दुकानाच्या मागच्या दारातून एक कामगार मावशी खोकी आत नेत होत्या. काका आणि पेन्सिलने दोन खोकी उचलली आणि त्यांच्यामागून चालायला लागली. “गुणाची हो लेकरं!” मावशी म्हणाल्या. त्यांनी जाड दाराचा दांडा ओढला.

आतून पांढरा गारठा बाहेर आला. तो काकाच्या गालांवर, कानांवर, बोटांवर आला आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा उभा राहिला. किती दिवसांनी तिला काहीतरी जाणवलं होतं! ती उंबरठ्यावरच उभी राहून आत बघू लागली.

डावीउजवीकडे थर्मोकोलच्या जाड पांढऱ्या फळ्या बसवलेल्या होत्या. समोर मात्र उघड्या विटांची भिंत होती. मधोमध वर गोल, खाली सरळ अशी कमान होती आणि तिच्यावर बर्फाची जाड साय धरली होती.

“मावशी, मागे फळ्या का नाहीत?” पेन्सिलने विचारलं.

“मालकांनी काढायला लावल्या. म्हणाले, वीतभर जागा वाढेल, चार खोकी जास्त मावतील. महिना होईल आता. तेव्हापासून यंत्र दिवसभर धापा टाकतंय आणि आइस्क्रीम काही घट्ट होत नाही. पण माझं कोण ऐकतंय?”

ठक्! ठक्! ठक्!

विटांची कमान वाजली. बर्फाची एक खपली सुटून धप्पकन खाली पडली.

“अगंबाई! भिंतीत कोण आहे?” मावशी किंचाळल्या.

“माझी आई!” पेन्सिल आनंदाने ओरडला. आणि मालक ‘कोण रे तिकडे’ म्हणत येईपर्यंत तिघंही गल्लीच्या तोंडाशी पोचली होती.

शनिवारी समितीचे तिघं जण आले. ग्रंथपाल चष्मा पुसत उभे होते. प्लंबर तिसऱ्या भोकासाठी छिन्नी परजून तयार होता. आत्याने खोली लख्ख आवरली होती. सुई, दोरा, हातोडी, खळीचं भांडं, सगळं जागच्या जागी होतं. निरोप घ्यायचा असल्यासारखी ती एकेका वस्तूवरून हात फिरवत होती.

“साहेब, आम्हाला एक दाखवायचंय,” पेन्सिल म्हणाला. “काका दाखवेल.”

“कुणाचे काका?” ग्रंथपालांनी दाराकडे पाहिलं.

“आमची काका!” भोंगाने काकाला पुढे ढकललं. खिडक्यांची तावदानं थरथरली.

काकाला भीती वाटली नाही. भीतीसुद्धा वाटत नव्हती तिला. ती सपाट आवाजात बोलू लागली आणि त्या आवाजामुळेच की काय, सगळे गप्प बसून ऐकू लागले.

“आधी भिंतीला हात लावा. मग चार पावलं बाजूला जाऊन लावा.”

समितीने हात लावले. ग्रंथपालांनी दोनदा लावला.

“आता तुम्हीच भिंत पुसा. तुम्हीच प्लास्टिक लावा आणि चिकटपट्टीवर सही करा. म्हणजे पिचकारीचा प्रश्न राहणार नाही.”

प्लंबर दुसरीकडे बघू लागला. ग्रंथपालांनी खरोखरच सही केली, तारखेसकट! मग सगळे स्टुलांवर, पेट्यांवर, टेबलाच्या कडेवर वाट बघत बसले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. समितीतल्या एका बाईंनी जांभई दिली. पाऊण तासाने प्लास्टिक आधी धूसर दिसू लागलं, मग त्याच्यावर बारीक बारीक ठिपके उमटले आणि बघता बघता एक थेंब घरंगळला.

“आधी सांगा,” काका म्हणाली, “कुठल्या बाजूने?”

आत्याने झटकन वर पाहिलं. तिच्या हातातलं फडकं खाली पडलं.

ग्रंथपालांनी प्लास्टिकवर बोट फिरवलं. रेघ उमटली, बोट ओलं झालं. “आपल्या बाजूने,” ते पुटपुटले. “म्हणजे भिंत गळत नाहीये!”

“हवेतलं पाणी आहे ते. भिंत गार आहे म्हणून तिच्यावर बसतं. आणि खिडक्या उघड्या ठेवल्या की बाहेरची दमट हवा आत येत राहते. म्हणून जास्तच बसतं.”

“म्हणजे वाळावं म्हणून मी खिडक्या उघडत होते, आणि...” आत्याने उठून जवळची खिडकी धाडकन लावून टाकली.

“पण भिंत गार का?” समितीतल्या जांभईवाल्या बाईंनी विचारलं. आता त्या चांगल्याच जाग्या झाल्या होत्या.

मग कोल्डरूम, काढलेल्या फळ्या, बर्फाची कमान आणि तीन ठोके हे सगळं पेन्सिलने सांगितलं. आइस्क्रीमवाल्यांना बोलावणं गेलं. त्यांनी आधी कानांवर हात ठेवले. माझ्याकडे सगळं कसं नियमाप्रमाणे, म्हणाले.

“मग तुमचं आइस्क्रीम पाणी पाणी का होतं?” भोंगाने विचारलं. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबून आत बघू लागली.

“लावतो! उद्याच्या उद्या फळ्या लावतो! पण हिला जरा हळू बोलायला सांगा!”

ग्रंथपालांनी या वेळी चष्मा पुसला नाही. तो काढून खिशात ठेवला आणि ते आत्यासमोर उभे राहिले. “बाई, माझं चुकलं. तळहात लावून बघायचं सोडून मी तुमच्यावर आळ घेतला. खोली बंद होणार नाही. आणि मुलांनो, शाबास! मोठ्यांना तीन आठवड्यांत जमलं नाही ते तुम्ही दोन दिवसांत केलंत!”

“मला दोनऐवजी पाच मार्क मिळतील का?” पेन्सिलने विचारलं. प्लंबरने छिन्नी पिशवीत टाकली आणि काकापुढे हात केला. “काका, मानलं तुम्हाला बरं का!”

सगळे हसले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकाने हात मिळवला. आत अजूनही शांत शांतच होतं.

रविवारी फळ्या बसल्या. सोमवारी संध्याकाळी आत्या आणि काका दोघीच बांधणीच्या खोलीत होत्या. भिंत कोरडी होती. वाळलेली पुस्तकं आत्या एकेक करून फळीवर लावत होती.

“तू ते समितीसमोर विचारलंस ना, कुठल्या बाजूने,” आत्या म्हणाली. “लहानपणी तुझा बाबा मलाही तेच विचारायचा. मी काही विचारलं की आधी हेच. मला इतका राग यायचा! परवा त्याने ऐकायला हवं होतं गं तुला.”

काकाने भिंतीवर तळहात ठेवला. भिंत गार नव्हती. बाकीच्या भिंतीसारखीच होती, जराशी कोमट. बाबांनी हे ऐकायला हवं होतं. बाबा आता कधीच ऐकणार नाहीत. आणि ती रडायला लागली. आत्याने तिला जवळ ओढलं आणि दोघी खळीचा वास येणाऱ्या त्या खोलीत जमिनीवर बसून पोटभर रडल्या. काकाला खूप दुखत होतं, आणि दुखतंय हे तिला कळत होतं.

बऱ्याच वेळाने काकाने बाहीने नाक पुसलं. ते पुन्हा वाहायला लागलं. तिने पुन्हा पुसलं आणि कपाळाला आठ्या घालून आत्याकडे पाहिलं.

“आत्या, पाणी डोळ्यांतून येतं ना? मग रडताना नाक का गळतं?”

आत्या क्षणभर तिच्याकडे बघतच राहिली. मग पदराने स्वतःचे डोळे पुसत म्हणाली, “आधी सांग, कुठल्या बाजूने?”

काकाने एक नाकपुडी दाबून पाहिली, मग दुसरी.

“दोन्ही,” ती म्हणाली.